कशातच न विरघळणारं

४ फेब्रुवारी

दादा,

फोनवर आपण भांडतो आणि मेसेजला तू नुसता अंगठा पाठवतोस, म्हणून आईने फर्मान काढलंय की भावाबहिणीने आता पत्रंच लिहायची. "कागदावर ओरडता येत नाही," असं तिचं म्हणणं. बघू या.

तर मी ओरडत नाहीये. मी फक्त विचारतेय, ही चिमणी कोण?

रविवारी तुझा आईला फोन आला तेव्हा फोन स्पीकरवर होता, आई मटार सोलत होती आणि मी टेबलाखाली चार्जर शोधत होते. तुला वाटलं मी घरात नाही. तू म्हणालास, "आज चिमणीने काय ग्राफ काढलाय आई, बघतच राहावं." मागून कोणीतरी हसलं. आईचे कान लगेच टवकारले.

"कोण रे हसली?"

"अगं, माझी विद्यार्थिनी. बोलत नाही फारशी, टिपून टिपून काम करते, म्हणून चिमणी."

"लग्न झालंय का तिचं?"

"आई!"

"अरे, विचारलं फक्त. विचारायला काय जातंय."

मी टेबलाखालून बाहेर यायला गेले ती डोकं आपटूनच आले. माझे डोळे भरले, ते आईला वाटलं लागलं म्हणून. लागलंच होतं म्हणा.

मी पाचवीत असल्यापासून तू मला भुंगा म्हणतोस. सारखी तुझ्या कानाशी गुणगुण करते, पाठ सोडत नाही, म्हणून. मला वाटायचं की अशी पदवी एकाच माणसाला मिळते. आता घरी भुंगा, तिकडे चिमणी. प्राणिसंग्रहालय काढायचंय का तुला?

बरं, ते जाऊ दे. कामाचं बोलते. तू कळवलंस की पुढच्या परिषदेच्या पुस्तकात आपल्या दगडातल्या केरोजेनचं, त्या जळणाऱ्या भागाच्या रचनेचं, चित्र जाणार, पानभर. आणि "जिचा पुरावा पक्का तिचं चित्र, आणि तिचं नाव पहिलं." चित्र एप्रिलअखेर पोचायला हवं. वाचून आधी मी खुर्चीवर उभी राहिले. मग परत वाचलं. "जिचा" म्हणजे कोणाकोणातली? आपण दोघंच होतो ना या दगडात?

बाबा खाणीवर मुकादम, त्यांच्यासाठी तो काळा पापुद्र्यांचा दगड म्हणजे चुनखडीच्या वर आलेला कचरा. तो कचरा पिशवीत भरून घरी कोणी आणला? तू आणि मी. गच्चीवर त्याच्या पातळ ढलपीला काडी कोणी लावली? मी. धूर आला, टायर जळल्यासारखा वास आला आणि मी म्हटलं, "दादा, दगड पेटला!" तू म्हणालास, "दगड नाही पेटलाय. त्यात अडकलेलं तळं पेटलंय." कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या तळ्यातलं शेवाळ चिखलात दाबलं गेलं आणि त्याचं हे झालं, हे तू मला गच्चीच्या कठड्यावर बसून सांगितलंस. चिमणीला नाही. चिमणी तेव्हा कुठे होती?

आणि तू बाबांशी भांडून तिकडच्या लॅबला निघून गेलास तेव्हा मला सांगितलंही नाहीस. मी लॅबमधून आले तर तुझी खोली मोकळी, आणि माझ्या उशीवर तो मोठा दगड, करवतीने सरळ मधोमध कापलेला. अर्धा मला, अर्धा तू नेलास. चिठ्ठी नाही, काही नाही.

मला वाटलं होतं तुझा अर्धा तू जपून ठेवशील. तू तो तिला दळायला दिलास.

भुंगा (मूळची)

१९ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र मिळालं. "ती फक्त विद्यार्थिनी आहे, आणि तू फक्त वेडी आहेस" हे वाक्य आईने तीन वेळा वाचून घेतलं आणि तिन्ही वेळा हसली. माझ्या बाजूने घरात कोणी नाही.

तरी काल एक गंमत झाली. आई म्हणाली, "एवढे शिकलात दोघं. एका दगडात काय आहे ते दोन वर्षं सांगता येईना?"

मी म्हटलं, "आई, साखर पाण्यात विरघळते. ग्रीस पेट्रोलमध्ये विरघळतं. पण दगडातलं जे जळतं ना, ते केरोजेन, ते कशातच विरघळत नाही. विरघळलं असतं तर केव्हाच कळलं असतं."

"कशातच नाही?"

"कशातच नाही. अॅसिड घाला, दारू घाला, उकळा. ढिम्म."

आईने पेपरच्या मागे बसलेल्या बाबांकडे बघितलं. "असं होय. मग माझा त्यात चांगलाच अभ्यास आहे."

"ऐकू येतंय मला," पेपर म्हणाला.

मग मी तिला कप फुटल्यावर तुकड्यांवरून कप कसा होता ते ओळखायचं, तसं सांगितलं. केरोजेन तोडायचं आणि तुकडे बघायचे. तर ती म्हणते, "पण सगळे कप एकसारखे असतात का?" आपली आई, दादा! मी म्हटलं, नसतात, तीच तर अडचण. याचा एकच एक असा फॉर्म्युला नसतो. म्हणून आमचं चित्र म्हणजे एका माणसाचा फोटो नाही, अख्ख्या गावाचा मिळून काढलेला एक चेहरा आहे. त्यात लांब नाकाची माणसं जास्त असली तर नाक लांब काढायचं. आपला प्रश्न एवढाच आहे की आपल्या दगडात लांब सरळ कार्बनच्या साखळ्यांचं जाळं आहे, की आखूड पुलांनी जोडलेले छोट्या छोट्या कड्यांचे गठ्ठे आहेत.

"तुला काय हवंय?" आईने विचारलं.

हवंय म्हणजे काय? मी म्हटलं मला काहीच नकोय, जे असेल ते. पण तुला सांगते, चिमणी साखळ्या म्हणतेय हे कळल्यापासून मला कडी आवडायला लागली आहेत.

काम जोरात चाललंय. पूड चाळून झाली. सॉल्व्हंटमध्ये दिवसरात्र धुऊन सुटं बिट्युमेन, म्हणजे विरघळणारा डांबरासारखा भाग, काढून टाकलं. चुना एका अॅसिडने गेला, वाळू आणि माती दुसऱ्याने. हे दुसरं काचही खातं, म्हणून प्लॅस्टिकच्या भांड्यात करावं लागतं, आणि माझ्या गाइड मॅडम मागे उभ्या राहून "ग्लव्ह्ज, ग्लव्ह्ज" म्हणत होत्या, माझ्या हातात दोन जोड्या असताना. शेवटी तपकिरी काळी पूड उरली, मूठभर. ते आपलं केरोजेन.

आता परमँगनेट. पद्धत तीच, तुझीच. जांभळं पाणी घालायचं, ते केरोजेन कुरतडतं, तुकडे अॅसिडं होऊन पाण्यात येतात, कुरतडता कुरतडता जांभळं संपतं, खाली तपकिरी गाळ बसतो. बाकी मी थोडं स्मार्ट केलंय, कारण गाळ खाली बसवणाऱ्या सेंट्रिफ्यूजला इथे कायम रांग असते आणि पुढे कोण तर तो मातीचे नमुने तपासणारा मातीवाला, जो एकेक नळी बाळासारखी झोपवतो. तुझ्या वेगाने बसले तर मी परिषदेला पोचायच्या आधी म्हातारी होईन.

चिमणीचं किती झालंय? सहज विचारतेय.

भुंगा

११ मार्च

दादा दादा दादा,

आले! रिझल्ट आले!

आखूड! सगळी आखूड! चार कार्बनची, पाच कार्बनची, सहाची अॅसिडं, दोन्ही टोकांना अॅसिड असलेली, आणि त्यांच्या जोडीला कड्यांवाली. लांब साखळी नावाला नाही. मॅडमनी ग्राफ उलटासुलटा बघितला आणि म्हणाल्या, "स्वच्छ आहे." मॅडम "स्वच्छ" म्हणाल्या! त्यांनी माझ्या टेबलाला आजवर हा शब्द वापरलेला नाही.

मी त्याच दिवशी चित्र काढायला बसले. कड्यांचे गठ्ठे, मध्ये आखूड पूल, कुठे ऑक्सिजन, कुठे सल्फर. जेवणाच्या टेबलावर काढलं. बाबा येऊन मागे उभे राहिले. मला वाटलं, आता म्हणतील कचऱ्याचं काय चित्र काढतेस. ते म्हणाले, "हे काय, जाळी आहे का?" मी म्हटलं, "हे खाणीतल्या काळ्या दगडाच्या आतलं आहे, बाबा." त्यांनी बोट ठेवलं एका कड्यावर आणि विचारलं, "त्याने बघितलंय?" "त्याने" म्हणजे तू. तुझं नाव अजून घेत नाहीत, पण टेबल आवरा म्हणाले नाहीत. जेवण आम्ही मांडीवर ताट घेऊन जेवलो.

चिमणीचा ग्राफ तू पाठवलास, तो बघितला. हो, सुंदर आहे. एक उंच टोक साखळ्यांचं आणि शेजारी बुटकं टेकाड कड्यांचं. म्हणजे तिच्या मते आपला दगड जवळजवळ सगळा लांब साखळ्यांचाच. पण दादा, तिने काही तोडलेलंच नाही. अख्खी पूड चुंबकाच्या मशीनमध्ये घातली आणि गरागरा फिरवली. जत्रेतल्या पाळण्यात बसून गावाचा नकाशा काढण्यासारखं आहे ते. तुमच्याकडे ती मोठी मशीन आहे म्हणून सगळं सोपं. इथे आमच्या मशीनला सकाळी चापट मारल्याशिवाय सुरू व्हायचं माहीत नाही.

आणि एक गोष्ट गांभीर्याने सांगते. तिने बिट्युमेन नीट धुतलेलं नाही. माझी खात्री आहे. दगडाच्या कणांत अडकलेलं सुटं बिट्युमेन मागे राहिलं की त्यात लांब साखळ्या भरपूर असतात, आणि मशीनला काय कळतंय कोण केरोजेन आणि कोण पाहुणा. घाईघाईत धुतलं की असं होतं. तू तिला जरा विचार. मी विचारलं असं सांगितलंस तरी चालेल. उलट सांगच.

तू लिहिलं आहेस की ती सकाळी तुझ्या आधी येते, आणि तुझा चहा गार झाला की न सांगता दुसरा आणून ठेवते. दादा, मी तुला कधी चहा दिला नाही. तूच मला द्यायचास. मला वाटायचं तुला तसंच आवडतं.

भुंगा

२८ मार्च

दादा,

तर चिमणीने सगळं परत धुतलं. माती काढायच्या आधी एकदा धुतलंच होतं, आता माती काढल्यावर परत, आठवडाभर, कुरकुर न करता. आणि ग्राफ तोच आला. हे तू मला ज्या कौतुकाने लिहिलंस ना, त्याला पत्र नाही, हार म्हणतात.

"कुरकुर न करता" हे तू दोनदा लिहिलंय. मला वाचता येतं.

आणि तिचा मला प्रश्न. "दर वेळी जांभळं संपल्यावर वरचं पाणी बाहेर काढलं होतं का, असं ती विचारतेय." तुझ्या अक्षरात तिचा आवाज ऐकला मी. हो, काढलं होतं. सांग तिला. आणि हेही सांग की ती शाळेत चहाच्या चमच्याने मीठ मोजत असेल तेव्हा मी माझ्या भावाच्या शेजारी स्टुलावर उभी राहून परमँगनेट ओतत होते.

नाही, हे शेवटचं नको सांगूस.

पण आता मी तिचं तोंड कायमचं बंद करणार आहे. (ती बोलत नाही म्हणा. तरी.) ऐक माझा प्लॅन. तिचं म्हणणं असं दिसतंय की लांब साखळ्या होत्या, पण माझ्या फ्लास्कमध्ये त्यांचे आणखी तुकडे झाले. ठीक. मग मी दुकानातलं शुद्ध स्टिअरिक अॅसिड घेते. अठरा कार्बनची सरळ साखळी, बाटलीवर छापलंय. ते माझ्याच फ्लास्कमध्ये, माझ्याच पद्धतीने, तेवढाच वेळ ठेवते. अठराचे अठरा परत आले की संपलं. माझी पद्धत लांब साखळीला धक्का लावत नाही हे सिद्ध होईल, आणि मग चिमणीने दुसऱ्या झाडावर जाऊन बसावं.

मॅडमना सांगितलं. त्या चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "हे तू विज्ञानासाठी करतेयस की भांडणासाठी?"

मी म्हटलं, "मॅडम, दोन्हीला फ्लास्क एकच लागतो."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मग भांडणासाठीच कर. भांडणारा माणूस जास्त लक्ष देऊन करतो."

आई विचारतेय सुट्टीत येणार का. मी म्हटलं तिकडे त्याला चहा मिळतो, कशाला येईल. आईने माझ्याकडे असं बघितलं की मीच उठून चहा टाकला. उतू गेला.

भुंगा

९ एप्रिल

दादा,

तुझं पत्र काल आलं. काल उत्तर लिहायचं राहिलं, म्हणून आज लिहितेय.

घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. "भुंग्याचा हात मी घडवलाय. तो चुकत नाही. तिने वरचं पाणी दर वेळी काढलंय म्हणते, म्हणजे काढलंय. मी भुंग्याचं चित्र धरतोय." आईने "परत वाच" म्हटलं. बाबा आतल्या खोलीत होते, तरी मी मोठ्याने वाचलं. नंतर ते बाहेर आले आणि त्या टेबलावरच्या चित्राला हात न लावता त्याच्या कडेने पेपर ठेवला. एवढं झालं म्हणजे खूप झालं, तुला माहीत आहे.

मी खूश आहे. खूपच. तुला वाटेल मी नाचले असेन. नाचणारच होते, पण आज सकाळी लवकर मशीनवर माझा नंबर होता, मग तिकडेच गेले.

मॅडमना छान वाटलं. मातीवाल्याने पण अभिनंदन केलं. त्याने मला सेंट्रिफ्यूज दिलं, स्वतःहून, अर्धा दिवस. मला नको होतं खरं तर. म्हणजे हवं होतं.

तू विचारलंस स्टिअरिक अॅसिडचं काय झालं. त्याचं असं की मशीन दोन आठवडे बंद आहे. सुरू झाली की बघते. तसंही त्याची आता गरज उरली नाही ना? चित्र तर ठरलं. तू ठरवलंस.

तू लिहिलं आहेस की तुझा निर्णय सांगितल्यावर चिमणीने फळ्यावरचं तिचं चित्र पुसलं आणि काही बोलली नाही. पूर्ण पुसलं का? की एखादा कोपरा राहिला? डस्टरने पुसलं की हाताने? तिने ते वहीत उतरवून ठेवलंय ना कुठेतरी? तू तिला विचारलंस का की तिला काय वाटतं? नुसतं "भुंग्याचा हात चुकत नाही" एवढंच कारण दिलंस? दादा, हे काय कारण झालं? उद्या मॅडमनी माझं चित्र असं कोणाच्या बहिणीच्या हातासाठी पुसायला लावलं तर मी मॅडमच्या टेबलावर चढेन.

मी तुझ्यावर चिडलेली नाही. मी खूश आहे. तू माझी बाजू घेतलीस, पहिल्यांदा घेतलीस, न विचारता घेतलीस. मला हेच हवं होतं. ते वाक्य मी कापून पाकिटात ठेवलंय. दर थोड्या वेळाने हात लावून बघते, आहे ना.

आज जेवले नाही. आईला सांगू नकोस.

भुंगा

२१ एप्रिल

चिमणी,

हे पत्र तुझ्या लॅबच्या पत्त्यावर, पण तुझ्यासाठी पाठवतेय. अक्षर ओळखून माझ्या भावाने मागितलं तरी देऊ नकोस. मी त्याची बहीण. तो मला भुंगा म्हणतो, ते तुला माहीत असेलच, आणि माझ्याबद्दल आणखी काय काय माहीत आहे ते मला माहीत करून घ्यायचं नाही.

तू विचारलं होतंस, दर वेळी वरचं पाणी बाहेर काढलं का.

नाही काढलं.

बरोबर पद्धत तुला पाठ असणार. थोडंसं जांभळं घालायचं, ते संपेपर्यंत थांबायचं, सुटून आलेली अॅसिडं पाण्याबरोबर बाहेर काढून बाजूला ठेवायची आणि उरलेल्या पुडीवर परत ताजं थोडं. मी थांबलेच नाही. रंग उतरला की ओत, उतरला की ओत, सगळं त्याच एका फ्लास्कमध्ये. मला तुझ्या आधी पोचायचं होतं. मग झालं असं की जी लांब साखळी केरोजेनमधून अख्खी सुटून आली ती तिथेच, त्या जांभळ्यात, बसून राहिली आणि परत कुरतडली गेली. परत आणि परत. शेवटी चाराची, पाचाची, सहाची झाली, आणि मी म्हटलं, बघा, आपल्या दगडात सगळं आखूडच आहे.

हे मला तुझ्यामुळे कळलं नाही. तुझ्यामुळे कळलं असतं तर मी मान्य केलं नसतं. तुला खोटं पाडायला मी बाजारातलं अठरा कार्बनचं अॅसिड माझ्या फ्लास्कमध्ये घातलं. ९ तारखेला सकाळी मशीनमधून कागद बाहेर आला. अठराच्या जागी एक छोटा फोड होता. बाकी सगळं चार, पाच, सहा. माझाच ग्राफ. दगड न घालता माझाच ग्राफ आला होता.

त्याच्या आदल्या दिवशी दादाचं पत्र आलं होतं, की त्याने माझं चित्र धरलं. म्हणजे मला ते एका दिवसापुरतं खरं खरं मिळालं होतं.

त्या संध्याकाळी मी त्याला लिहिलं की मशीन बंद आहे. आमची मशीन चापट मारली की चालते, तिला काही झालेलं नव्हतं. मी म्हटलं, एप्रिल संपेपर्यंत गप्प बसायचं. चित्र छापून जाईल. केरोजेनची चित्रं तशीही दर काही वर्षांनी बदलतात, कोणीतरी पुढे बदलेल, तेव्हा मी म्हणेन, अरे हो का. माझ्या फ्लास्कमध्ये काय झालं ते फक्त मला माहीत होतं. आणि तू बोलत नाहीस.

मग तू फळा पुसताना दिसायला लागलीस. मी तुला कधी बघितलेलं नाही, तरी. मी दादाला विचारलं, पूर्ण पुसलं का, डस्टरने की हाताने. त्याने उत्तरात लिहिलं, "काय फरक पडतो?" त्याला खरंच कळलं नाही. आपण काढलेलं पुसायचं असतं तेव्हा डस्टर घेतात की हात, हे ज्याला कळत नाही त्याच्यासाठी आपण दोघी भांडत होतो, चिमणी. म्हणजे मी भांडत होते. तू चहा देत होतीस.

थोडी पूड उरली होती. मी ती घेऊन बसले, तुझ्या प्रश्नाप्रमाणे. म्हणजे दादाच्या पद्धतीप्रमाणे, पण मला ते तसं म्हणायचं नाही. थोडं घालायचं आणि हात मांडीवर ठेवून बसायचं. मला हात मांडीवर ठेवून बसता येत नाही. आमच्या लॅबमध्ये एक मातीवाला आहे, त्याने मला एक अख्खं वर्तमानपत्र दिलं आणि म्हणाला, छोट्या जाहिराती वाच, त्या संपत नाहीत. तीन गावांतली भाड्याची घरं मला आता पाठ आहेत. रंग जातो कसा, ते मी आधी कधी नीट बघितलंच नव्हतं. जांभळ्याचा आधी हिरवट होतो, मग तपकिरी धूर पाण्यात खाली उतरत जातो आणि वर पाणी अगदी निवळशंख राहतं. ते काढायचं, बाजूला ठेवायचं. त्याला परत जांभळं दाखवायचं नाही. जे मिळालं ते मिळालं.

आज सकाळी ते सगळं पाणी एकत्र करून मशीनवर लावलं.

सोळा, अठरा, वीस, बावीस. पुढेही आहेत, बारीक. दोन्ही टोकांची सुद्धा लांब आहेत. आखूड थोडीशीच. कडी थोडीच, तुझ्या त्या बुटक्या टेकाडाएवढी. ग्राफ सोबत जोडलाय, आणि बाटलीतल्या अॅसिडचाही जोडलाय, तो तुझ्याकडे असावा. सकाळी दगडाचा नवा ग्राफ माझ्या मॅडमनाही दाखवला. त्यांनी तो जुन्याच्या शेजारी धरला आणि म्हणाल्या, "म्हणजे आधीचा स्वच्छ होता, फक्त खरा नव्हता." मग माझ्या पाठीवर हात ठेवला, ग्लव्ह्ज न घालता.

तू साखळ्यांचं जाळं म्हणालीस. जाळंच आहे. तुझंच चित्र जायला हवं, आणि तुझं नाव पहिलं. माझ्या साखळ्यांचा आकडा त्याला पुरावा म्हणून लाव, म्हणजे कोणी तुला विचारणार नाही की नुसतं फिरवून कसं कळलं. (तसं मी विचारलं होतं. दादाने तुला सांगितलंच असेल.)

माझं चित्र मी जेवणाच्या टेबलावरून उचललं. बाबा म्हणाले, "का गं?" मी म्हटलं, "चुकलंय." ते म्हणाले, "मग बरोबर काढ, टेबल रिकामंच आहे." म्हणजे मला आता तुझं चित्र आमच्या टेबलावर काढावं लागणार, आणि त्याच्या शेजारी बसून जेवावं लागणार. माझा तुझ्यावरचा राग अजून गेलेला नाही, हे तुला कळावं म्हणून सांगितलं.

दादाला हे मी अजून कळवलेलं नाही. त्याचं पत्र उद्या टाकणार. का ते सांगते. त्याला आधी कळवलं असतं तर तो धावत तुझ्या टेबलापाशी आला असता, "चिमणे, अगं, तुझंच बरोबर निघालं!" आणि त्या क्षणी तुझा चेहरा कसा झाला ते त्याने बघितलं असतं. मग मला पत्रात लिहिलं असतं, कौतुकाने, दोनदा. ते मला सहन होणार नाही. मी खूप प्रयत्न केला, नाही होत.

म्हणून तुला आधी. फळ्यावर परत काढ, मोठं काढ. तो आत येईल, बघेल आणि विचारेल, "हे परत कशाला?" तेव्हा लगेच सांगू नकोस. तुला बोलायची सवय नाही म्हणतात, तर ती एक दिवस माझ्या कामी येऊ दे. उद्या टाकलेलं पत्र परवा त्याला मिळेल. तोवर त्याला माहीत नसलेली एक गोष्ट आपल्या दोघींना माहीत असेल.

भुंगा